दिवा पेटला, सेन्सर बदलला, दिवा पुन्हा पेटला

कसारा घाट चढून इगतपुरी मागे पडली आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी माझ्या मामेभावाची. दोन सीटची, कापडी छताची, मागच्या चाकांवर चालणारी, २००४ सालची परदेशी स्पोर्ट्स कार. नाशिकच्या खड्ड्यांत असली गाडी कशाला घेतलीस, हे मामींनी त्याला आधीच विचारून झालं होतं, म्हणून मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी०१७१. "ऑक्सिजन सेन्सर गेला," असं सांगून त्यांनी तो बदलला. चार दिवसांनी दिवा परत हजर. त्यात भर म्हणून साठच्या वेगाला मागून 'हूंऽऽ' असा आवाज यायला लागला. त्यावर निदान झालं, "डिफरन्शियल खोलावं लागेल." म्हणजे मागच्या दोन चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणारा दातेरी चाकांचा डबा. खर्चाचा आकडा ऐकून भाऊ थेट माझ्या घरी आला. "दादा, तू कॉलेजात फिजिक्स शिकवतोस ना? मग बघ काय ते."

आधी कोडचं बघू. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या गेलेल्या प्रत्येक नव्या पेट्रोल कारमध्ये स्टिअरिंगच्या आसपास स्कॅनर लावायचं १६ पिनांचं एक सॉकेट असतं. युरोपात पेट्रोल गाड्यांना हा नियम २००१ पासून लागला, आपल्याकडे २०१३ पासून. कोडची भाषा सगळीकडे सारखी. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. पुढचं शून्य म्हणजे हा सर्व कंपन्यांना समान कोड. तिथे १ असेल तर बहुधा कंपनीचा खासगी. त्यापुढचा १ हवा-इंधनाचा, ३ असता तर ठिणगीचा, ७ असता तर गिअरबॉक्सचा. पी०१७१ चा शब्दशः अर्थ एवढाच, की इंजिनाच्या पहिल्या बाजूला मिश्रण फार पातळ आहे. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. 'सेन्सर खराब' हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलावा, तसं झालं होतं.

सातपूरला जाताना जो मायको सर्कल लागतो, त्याचं नाव ज्या कारखान्यावरून पडलं त्या मायकोची मूळ जर्मन कंपनी बॉश. ऑक्सिजन सेन्सर गाडीत पहिल्यांदा बसवला तो याच बॉशने, १९७६ मध्ये. रचना मोठी सुबक आहे. झिरकोनियाच्या सिरॅमिकची एक टोपी. तिच्या बाहेरून सायलेन्सरकडे जाणारा धूर, आतून बाहेरची साधी हवा. तीनशे अंशांच्या वर तापली की ही टोपी दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकावरून वीज तयार करते. धुरात ऑक्सिजन उरला नसेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, उरला असेल तर ०.१. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. या आकड्याच्या अलीकडे-पलीकडे सेन्सर झोके घेत राहतो आणि इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल थोडं वाढवत, थोडं कमी करत राहतो. या दुरुस्तीची टक्केवारी स्कॅनरवर दिसते, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. ती पंचवीसच्या आसपास जाऊन तिथेच बसली, की कॉम्प्युटर हात टेकतो आणि दिवा लावतो.

माझ्या मते जुन्या गाडीत कोडपेक्षा हा आकडा जास्त बोलतो. काही शे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल एवढ्यावर तो वाचता येतो. भावाच्या गाडीत आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं सुरू असताना, ट्रिम होती +२६, आणि मुंबई-आग्रा महामार्गावर एका लयीत चालवताना +१०.

त्या दहातले आठेक टक्के तर आजारच नाही, ते पेट्रोलपंपावरून आलेले. हल्लीच्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला हवा कमी लागते, किलोला साधारण ९ किलो. मिश्रणाचा हिशोब १४.७ वरून १३.५ च्या आसपास उतरतो. २००४ च्या कॉम्प्युटरला ही बातमी कोणी दिलेली नाही, त्यामुळे तो जुन्या हिशोबाने पेट्रोल सोडतो आणि मग आठ टक्के वरून घालतो.

उरलेले आयडलिंगचे सतरा-अठरा? दोन लिटरचं इंजिन आयडलिंगला सेकंदाला जेमतेम तीन ग्रॅम हवा ओढतं, रस्त्यावर पंचवीस ग्रॅमसुद्धा ओढतं. हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरजवळ असतो. त्याच्या पुढच्या एखाद्या पाइपला चीर पडली आणि अर्धा ग्रॅम हवा न मोजता आत शिरली, तर तीन ग्रॅममध्ये ती सतरा टक्के होते, पंचवीसमध्ये दोनच टक्के. म्हणून चोरटी हवा आयडलिंगला दिसते आणि वेगात लपते. पेट्रोलचा पंप थकला असता तर नेमकं उलटं झालं असतं: आयडलिंगला ठीक आणि घाटात ट्रिम वर.

इस्त्रीवाल्याकडे असते तशी पाण्याची फवारणीची बाटली घेतली. इंजिन सुरू ठेवून, वायरी आणि ठिणगीला वीज देणाऱ्या कॉइल सांभाळत, रबरी पाइपांवर एकेक फवारा मारत गेलो. एका कोपऱ्यावर पाणी पडताच आवाज बदलला. वीस वर्षांचा पाइप कडक होऊन खालच्या बाजूने फाटला होता. नवा सेन्सर आणि जुना सेन्सर, दोघेही खरंच बोलत होते. (काही जण याच कामाला पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे फवारतात. तापलेल्या इंजिनावर तसलं काही करू नये.)

पिवळा दिवा स्थिर असेल तर घरापर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल तर रेस सोडायची आणि शक्य तितक्या लवकर गाडी बाजूला घ्यायची. तो मिसफायरचा, म्हणजे एखादा सिलिंडर न पेटल्याचा, इशारा असतो. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. गाडी मिसिंग करतेय हे कॉम्प्युटरला कळतं कसं, तर इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरच्या, म्हणजे क्रँकशाफ्टवरच्या, दातेरी चाकावरून. प्रत्येक सिलिंडर पेटला की चाकाला धक्का बसतो. एक धक्का चुकला की पुढचे दाते किंचित उशिरा येतात, आणि हा उशीर मोजला जातो. गंमत म्हणजे खडबडीत रस्त्यावर चाकांचे हिसके उलट दिशेने क्रँकपर्यंत पोचतात आणि मिसफायर नसतानाही तसा भास होतो. म्हणून अनेक गाड्या ब्रेकच्या सेन्सरवरून रस्ता खराब आहे का ते आधी पाहतात. कोड पी०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर, असा आला तर त्याची कॉइल तिसऱ्यावर लावून बघावी. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलचा. तसाच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं पुढे शोधायचं.

आता तो 'हूंऽऽ'. याच्यासाठी कुठला कोड नाही, कारण बेअरिंगला कान लावणारा सेन्सर गाडीत नसतो. पण गाडीतली प्रत्येक फिरणारी वस्तू आपापल्या वेगाने फिरते आणि आवाजाचा सूर त्या वेगाला बांधलेला असतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. टायरचा घेर सुमारे दोन मीटर, म्हणजे चाक सेकंदाला ८.३ फेरे घेतं. डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चाकाला, म्हणजे क्राउनला, ४१ दाते असतील, तर ते दर सेकंदाला ८.३ गुणिले ४१, म्हणजे ३४० वेळा पिनियन या छोट्या दातेरी चाकाशी भिडतात. हार्मोनियमवर पांढरी तीन आणि पांढरी चारच्या मध्ये कुठेतरी. डिफरन्शियल रडत असेल तर सूर तिथे लागायला हवा, आणि रेस देताना व सोडताना तो बदलायला हवा, कारण दात्यांची दाबली जाणारी बाजू बदलते.

गंगापूर रोडवर पहाटे रहदारी नसताना निघालो. वेग साठ. चौथ्यातून तिसऱ्यात टाकली: इंजिनाचे फेरे वाढले, पण 'हूंऽऽ' तसाच. न्यूट्रलमध्ये सोडली: तसाच. मोबाइलच्या ध्वनी-आलेखावर ३४० जवळ काही नव्हतं, होती ती खालच्या पट्टीतली, सेकंदाला चाळीसच्या आसपासची घरघर. डिफरन्शियल संशयातून सुटलं. टायरचा आवाज डांबर बदलताच बदलतो, हा बदलला नाही. मग मोकळ्या पट्ट्यात हलकेच डावीकडे वळवली, आवाज चढला. उजवीकडे वळवली, गप्प. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं, म्हणजे उजव्या बाजूचं बेअरिंग.

पुढचं की मागचं, हे सीटवर बसून कळत नाही. आवाज पत्र्यातून फिरून येतो आणि कान फसतात. गाडी जॅकवर घेऊन ओळखीच्या मेस्त्रींनी एका हाताने चाक फिरवलं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला. "सर, इथे हात लावून बघा." मागच्या उजव्या स्प्रिंगमध्ये पीठ दळल्यासारखी बारीक खरखर हाताला लागत होती. पुढच्या चाकाची स्प्रिंग शांत.

बेअरिंग काढलं तेव्हा बाहेरच्या कड्याच्या आत तिळाएवढे खड्डे दिसले. सील झिजून पावसाचं पाणी आत गेलं होतं आणि ग्रीस दुधाळ झालं होतं. बाहेरच्या कड्यावर खड्डा असेल तर दर फेऱ्याला गोळ्यांच्या संख्येच्या साधारण ४० टक्के ठोके पडतात. यात गोळ्या होत्या बारा. म्हणजे फेऱ्याला पाच ठोके, सेकंदाला चाळीस. मी आलेख काढून मेस्त्रींना दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि विचारलं, "सर, हाताला कळलं होतं की. हे कशाला?"