रूट कॅनॉल इरिगेशन : पद्धतींची तुलना

दाताच्या मुळातील नलिका जंतुनाशक द्रावणांनी धुण्याच्या क्रियेला इरिगेशन म्हणतात. रूट कॅनॉल उपचारात फाइल या सुईसारख्या बारीक हत्याराने नलिका घासतात, पण नलिका क्वचितच गोल असते. तिच्या खाचा, उपशाखा आणि दोन नलिकांना जोडणाऱ्या अरुंद फटी फाइलला सापडत नाहीत. मायक्रो-सीटी (अतिसूक्ष्म क्ष-किरण चित्रण) अभ्यासांत भिंतीचा एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग अस्पर्शित राहिलेला दिसला आहे. तिथली सफाई सर्वस्वी द्रावणावर अवलंबून असते.

मुख्य द्रावण सोडियम हायपोक्लोराइट, दवाखान्यातला ‘हायपो’. तो ०.५ ते ५.२५ टक्के तीव्रतेत वापरतात. जंतू मारणे आणि मृत ऊती विरघळवणे ही दोन्ही कामे तो करतो. घासताना भिंतीवर बसलेला खनिजयुक्त थर मात्र त्याला निघत नाही; त्यासाठी शेवटी १७ टक्के ईडीटीए हे खनिज विरघळवणारे द्रावण सुमारे मिनिटभर ठेवतात. हायपोनंतर थेट क्लोरहेक्झिडिन हे दुसरे जंतुनाशक सोडल्यास नारिंगी-तपकिरी साका बसतो, म्हणून मध्ये सलाईनने धुवावे लागते.

सर्वांत रूढ पद्धत सिरिंज आणि सुईची. द्रावण सुईच्या टोकापुढे जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाते आणि मुळाच्या शेंड्याशी अडकलेली हवा त्याची वाट अडवते. त्यामुळे बाजूला छिद्र असलेली ३० गेजची बारीक सुई शेंड्याच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडे न अडकता हलती ठेवणे महत्त्वाचे. सुई रुतलेली असताना जोर दिला तर हायपो मुळाबाहेर जातो. तीव्र वेदना, सूज आणि रक्तस्राव होतो.

द्रावणाला हालचाल दिली की चित्र पालटते. नलिकेत नीट बसणारा गटापर्चा कोन (नलिका भरण्याची रबरासारखी निमुळती काडी) मिनिटाला सुमारे १०० वेळा वर-खाली करणे हा सर्वांत स्वस्त मार्ग; त्याला वेगळे यंत्र लागत नाही, तरी तो उगाच दुर्लक्षिला जातो. सोनिक यंत्रांत प्लास्टिकचे लवचीक टोक कंप पावते. अल्ट्रासोनिक पद्धतीत बारीक धातूचे टोक सुमारे २५ ते ४० किलोहर्ट्झने कंपते. २० सेकंदांच्या तीन फेऱ्या देण्याची रीत आहे. फटींमधला कचरा काढण्यात ती साध्या सिरिंजपेक्षा सरस ठरते, मात्र वाकड्या नलिकेत टोक भिंतीला टेकले की परिणाम घटतो. ऋणदाब (शोषणाच्या) पद्धतीत द्रावण सूक्ष्म नळीने शेंड्याकडून ओढून घेतात. बाहेर सांडण्याचा धोका तीत सर्वांत कमी, पण ती नळी तुंबते. लेसर प्रभावी असला तरी महाग आहे. प्रयोगशाळेतील ही सरशी रुग्णाच्या मुळाभोवतीच्या हाडाच्या भरून येण्यातही तितकीच दिसते, असे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही.

सोलापूरच्या हवेत आणखी एक गोष्ट मोलाची ठरते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि उष्णता, उजेड व हवा यांनी हायपोतील क्लोरीन कमी होत जाते. गरम हायपो ऊती अधिक वेगाने विरघळवतो हे खरे. पण तो वापरण्याच्या क्षणी गरम करायचा असतो. गडद, घट्ट झाकणाची बाटली थंड जागी ठेवणे आणि द्रावण ताजे आणणे याला कोणतेही यंत्र पर्याय ठरत नाही.

अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून एसटीने आलेल्या रुग्णाला पुन्हा खेप नको असते. एकाच बैठकीत काम संपवायचे तर दोन बैठकांमधले कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे औषध मिळत नाही, म्हणून हायपोला पुरेसा वेळ, वारंवार ताजा भरणा आणि हालचाल द्यावीच लागते. नलिकेतून पू किंवा पाझर थांबत नसेल, तर दुसरी खेप टाळू नये.