फळांतलं तांबं तपासून घ्यायचंय? अर्ज कोणी करायचा, काय लागतं, अहवाल कसा वाचायचा

द्राक्षाच्या घडात देठाशी निळसर थर दिसला की घरात कुणीतरी म्हणतंच, "औषध आहे, खाऊ नका." हा थर बहुतेक वेळा मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचा नाहीतर कॉपर ऑक्सिक्लोराइडचा असतो; ही दोन्ही तांब्याची औषधं. केवडा हा द्राक्षवेलीचा रोग आवरायला जालना, लातूर, धाराशिवच्या बागांत ही फवारणी होतेच. पण फळात तांबं किती आहे ते थर बघून कळत नाही, तपासावंच लागतं. आणि तशी तपासणी करून घ्यायचा हक्क साध्या गिऱ्हाइकालाही आहे.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार विकत घेतलेला कोणताही अन्नपदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून (या कायद्याखाली नेमलेल्या तपासनिसाकडून) तपासून घेता येतो. त्यातली महत्त्वाची अट बहुतेकांना ठाऊक नसते: माल घेतानाच विक्रेत्याला सांगायचं की हा मी तपासायला देणार आहे. घरी आल्यावर शंका आली, तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करा. मग नमुना घेण्याचं काम अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं. बांधावर थेट शेतकऱ्याकडून घेतलेल्या मालाला मात्र कलम १८ मुळे हा कायदाच लागू होत नाही. तिथे मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा गाठावी.

अन्न विश्लेषकाकडे नमुन्यासोबत अर्ज, ओळखपत्र आणि खरेदीचं बिल न्या. हातगाडीवर बिल मिळत नाही, म्हणून तपासणीसाठीचा माल पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्या. अर्जात दुकानाचं नाव, खरेदीची तारीख, वजन आणि विक्रेत्याला कल्पना दिल्याचा उल्लेख असू द्या. धातूंची तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत होते आणि शुल्क किती, हे जिल्हा कार्यालयात आधीच विचारून घ्या.

आता सगळ्यात कळीची गोष्ट. नुसतं 'कीडनाशक अंश तपासणी' लिहिलंत तर पैसे वाया जातील. त्या नेहमीच्या चाचणीत शेकडो कार्बनयुक्त रसायनं सापडतात, तांबं सापडत नाही. ते धातू म्हणून वेगळ्या यंत्रावर मोजतात. अर्जात 'एकूण तांबे, मिलिग्रॅम प्रति किलो' असं स्पष्ट लिहा. द्राक्षाचा नमुना किमान पाच घड मिळून दोन किलो असावा. तो धुऊ नका. हे औषध फळाच्या सालीवरच बसतं, त्यामुळे धुतलेल्या फळाचा आकडा कमी येईल. तांब्या-पितळेच्या भांड्यात तर ठेवूच नका, स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत न्या.

नमुना पोचल्यापासून चौदा दिवसांत अहवाल तुम्हाला आणि त्याची प्रत पदनिर्देशित अधिकाऱ्याला (कायद्याखाली कारवाई पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) मिळायला हवी. माल नियमात बसला नाही, तर भरलेलं शुल्क परत मागता येतं.

अहवालातला आकडा वाचताना घाबरू नका आणि सैलही सोडू नका. तांबं शरीराला लागतंच. डाळी, शेंगदाणे, तीळ यांतही ते असतं आणि प्रयोगशाळेला फवारणीचं तांबं वेगळं काढता येत नाही. युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये आयुष्यभर रोज चालेल अशी मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.१५ वरून ०.०७ मिलिग्रॅमवर आणली. साठ किलोच्या माणसाला ती दिवसाला ४.२ मिलिग्रॅम पडते. द्राक्षात किलोमागे ८ मिलिग्रॅम निघालं आणि पाव किलो खाल्ली, तर २ मिलिग्रॅम पोटात गेलं. रोजच्या जेवणातलं एक-दीड धरलं तरी आपण मर्यादेच्या आत आहोत. २० निघालं तर तेवढ्याच द्राक्षांतून ५ जातं. एका दिवसाने बिघडत नाही, पण हंगामभर रोज तसं खाऊ नये. 'सेंद्रिय' लिहिलेल्या मालालाही हाच हिशेब लावा, कारण सेंद्रिय शेतीत तांब्याची औषधं मर्यादेत चालतात.

लहान मुलांना वाढीसाठी वजनाच्या मानाने तांबं जास्त लागतं, त्यामुळे मोठ्यांचा हिशेब त्यांना जसाच्या तसा लावू नका. घरात कुणाला विल्सन आजार (शरीरात तांबं साठत जाणारा आनुवंशिक आजार) असेल, तर मात्र यातला कोणताही आकडा गृहीत न धरता डॉक्टरांनाच विचारा.