‘साहेब फिरतीवर आहेत’: रजेच्या काळातील स्वयंचलित ई-मेल उत्तरांची पार्श्वभूमी

साताऱ्यातील किंवा सांगलीतील जुन्या सरकारी कार्यालयात अधिकाऱ्याच्या दालनाबाहेर स्टुलावर बसलेला शिपाई हा स्वयंचलित उत्तराचा खरा पूर्वज म्हटला पाहिजे. ‘साहेब फिरतीवर आहेत’ एवढेच वाक्य त्याच्या तोंडी असे. परंतु ते कोणाला सांगायचे, कोणाला ‘सोमवारी या’ असे पुढे जोडायचे, आणि सकाळपासून तिसऱ्यांदा डोकावणाऱ्या माणसाकडे नुसते पाहून कधी मान हलवायची, हे तारतम्य त्याला नोकरीच्या पहिल्याच वर्षात येत असे. आज मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन तारखा आणि चार ओळी भरल्या की ही सोय चालू होते. यंत्राकडून ते वाक्य वदवून घेणे सोपे होते. शिपायाचे तारतम्य त्याच्या अंगी बाणवण्यात मात्र दोन दशकांहून अधिक काळ गेला.

संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्या यंत्रावरच्या व्यक्तीला पाठवण्याचा पहिला प्रयोग रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केला आणि पत्त्यातील ‘ॲट’चे चिन्हही त्यांनीच रूढ केले. त्यानंतरच्या दशकात मेल वापरणारे लोक मुख्यतः विद्यापीठांतील आणि संशोधन संस्थांतील असल्यामुळे कोण कोठे गेले आहे हे बहुधा सर्वांना ठाऊक असे. जाळे वाढत गेले तशी ही ओळखदेख संपली आणि उत्तर न येण्याचा अर्थ लागेनासा झाला. मेल पोहोचलीच नाही, की पोहोचूनही माणूस जागेवर नाही?

या अडचणीवरचा सर्वांत प्रभावी तोडगा कॅलिफोर्नियातील बर्कली येथे, युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीवर निघाला. ‘सेंडमेल’ ही मेल वाहून नेणारी प्रसिद्ध आज्ञावली लिहिणारे एरिक ऑलमन यांनीच १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘व्हेकेशन’ नावाची छोटी आज्ञावली लिहिली. तिची रचना आजही पाहण्यासारखी आहे. रजेवर जाणारा मनुष्य आपला निरोप एका फाइलमध्ये लिहून ठेवी, आणि दुसऱ्या फाइलमध्ये अशी सूचना देई की येणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत माझ्या पेटीत टाकावी आणि दुसरी ‘व्हेकेशन’च्या हवाली करावी. पुढचे काम करताना ही आज्ञावली एक नोंदवही राखत असे. कोणाला, कधी उत्तर दिले याची नोंद त्या वहीत पडे, आणि त्याच माणसाची पुन्हा मेल आली तरी एक आठवडा उलटल्याखेरीज त्याला दुसरे उत्तर जात नसे.

ही वही नसती तर काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. दोन माणसे एकाच वेळी रजेवर आहेत आणि दोघांनीही स्वयंचलित उत्तर लावलेले आहे असे समजा. पहिल्याने जाता जाता दुसऱ्याला एक मेल पाठवली. दुसऱ्याच्या यंत्राने ‘मी रजेवर आहे’ असे कळवले. ते उत्तर हीसुद्धा मेलच असल्यामुळे पहिल्याच्या यंत्राने त्यालाही ‘मी रजेवर आहे’ असे कळवले, आणि हा सवाल-जवाब डिस्क भरेपर्यंत किंवा कोणी तार काढेपर्यंत चालू राहिला. शेकडो सभासद असलेल्या मेलिंग लिस्टवर हे घडले तर एका माणसाच्या सुट्टीचा त्रास सगळ्या गावाला होई. म्हणून ‘व्हेकेशन’ने आणखी काही पथ्ये पाळली. ‘प्रति’ किंवा ‘प्रत’ या रकान्यांत मालकाचा पत्ता स्पष्ट लिहिलेला नसेल तर ती गप्प बसे. ठोक पाठवलेल्या मेलला, ‘पोस्टमास्तर’ म्हणजे मेल-व्यवस्थापकाच्या किंवा खुद्द मेल-यंत्रणेच्या पत्त्यावरून आलेल्या मेलला ती उत्तर देत नसे. पत्ता चुकून परत येणाऱ्या मेलच्या बाबतीतही हाच धोका असल्यामुळे, ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी नोंदवलेल्या मेल-वाहतुकीच्या नियमांत अशी परत-मेल प्रेषकाचा पत्ता कोरा ठेवून पाठवण्याची तरतूद झालेली होती. ज्याला पत्ताच नाही त्याला उलट उत्तर पाठवणार कोण?

कंपन्यांच्या कार्यालयांत ही सोय पोहोचली ती प्रामुख्याने मायक्रोसॉफ्टमुळे. त्या कंपनीच्या आतल्या, झेनिक्सवर (युनिक्सच्या तिच्या स्वतःच्या आवृत्तीवर) चालणाऱ्या मेल यंत्रणेत १९८०च्या दशकातच ‘ओओएफ’ या नावाची आज्ञा होती आणि तिचा विस्तार ‘आउट ऑफ फॅसिलिटी’ असा होता. पुढे १९९६ मध्ये कार्यालयांची मेल सांभाळणारी एक्स्चेंज सर्व्हर ही तिची आज्ञावली आली, सोयीचे नाव ‘आउट ऑफ ऑफिस’ असे झाले, तरी कंपनीतल्या लोकांच्या तोंडी शेवटचा ‘एफ’ टिकून राहिला. एक्स्चेंजच्या २००७ च्या आवृत्तीत कार्यालयातल्या सहकाऱ्यांना एक आणि बाहेरच्यांना दुसरा असा वेगळा निरोप, तसेच आरंभ आणि अखेरीची तारीख, या गोष्टी आल्या. माझ्या मते यातली पहिली सुधारणा अधिक मोलाची आहे, कारण आपण अमुक तारखेपर्यंत सहकुटुंब बाहेरगावी आहोत हे ज्याला-त्याला कळवण्यात शहाणपण नाही.

सर्वसामान्य भारतीयांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. आपल्याकडे बहुतेकांचा पहिला मेल-पत्ता हॉटमेल किंवा रेडिफचा, आणि तो उघडायची जागा सायबर कॅफे. तेथे तासाचे पैसे मोजून बसणारा माणूस मुळात आठवड्यातून एकदाच पेटी उघडत असल्यामुळे ‘मी जागेवर नाही’ हे वेगळे सांगण्याचे कारणच नव्हते. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल सुरू झाले. तिथल्या उत्तरयंत्रणेचा नियम असा की त्याच व्यक्तीने पुन्हा मेल पाठवली तरी चार दिवसांच्या आत दुसरे उत्तर जात नाही. ऑलमन यांच्या आठवड्याचे येथे चार दिवस झाले, एवढाच फरक.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कीथ मूर यांनी लिहिलेला आरएफसी ३८३४ हा, इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या मालिकेतील दस्तऐवज प्रसिद्ध झाला आणि तोवर जो तो आपापल्या परीने पाळत असलेली पथ्ये प्रथमच एकत्र लिहिली गेली. स्वयंचलित उत्तराच्या शीर्षभागात ‘हे यंत्राने पाठवले आहे’ अशी खूण असावी आणि तशी खूण असलेल्या मेलला दुसऱ्या यंत्राने उत्तर देऊ नये, ही त्यातील मुख्य शिफारस होय. जानेवारी २००८ मध्ये ‘सीव्ह’ या मेल चाळण्याच्या भाषेसाठी रजेच्या उत्तराचे प्रमाण ठरले, तेव्हा पुन्हा उत्तर देण्यापूर्वीचे अंतर, वेगळे काही न सांगितल्यास, सात दिवसांचेच धरले गेले.

यंत्राचे तारतम्य सुधारले म्हणून माणसाचे सुधारतेच असे नाही. २००८ मध्ये वेल्समधील स्वॉन्झी येथे रस्त्याच्या फलकासाठी वेल्श भाषांतर मेलवरून मागवले गेले. भाषांतरकार जागेवर नसल्याने वेल्शमध्ये स्वयंचलित उत्तर आले, आणि तेच भाषांतर समजून ‘मी सध्या कार्यालयात नाही’ हा मजकूर फलकावर रंगवला गेला. जर्मनीच्या डाइमलर कंपनीने २०१४ मध्ये उलट टोक गाठले. रजेवरील कर्मचाऱ्याला आलेली मेल थेट नष्ट करायची आणि तसे पाठवणाऱ्याला कळवून दुसऱ्या सहकाऱ्याचा पत्ता द्यायचा, अशी मुभा तिने दिली. आवक क्रमांक पडलेला कागद म्हणजे दगडावरची रेघ मानणाऱ्या आपल्या कार्यालयांना हे पचणे अवघड आहे.

सांगलीत या सोयीची एक मर्यादा २०१९ च्या ऑगस्टमध्ये फार जवळून पाहायला मिळाली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. गणपती पेठेतील माझ्या ओळखीच्या एका पेढीच्या मालकांनी पाणी चढू लागल्यावर कार्यालयातील संगणकावर ‘पुरामुळे पेढी बंद आहे, व्यवहार स्थगित आहेत’ असे उत्तर लावले आणि मुलाला घेऊन ते मिरजेला गेले. तासाभरात पेठेतील वीज गेली. त्यांनी लावलेले उत्तर मेल पुरवणाऱ्याच्या सर्व्हरवर नव्हते. ते त्या एका संगणकातील मेल-प्रोग्रामचा नियम होता, आणि असा नियम प्रोग्राम चालू असेल तेव्हाच चालतो. परिणामी पुराच्या सगळ्या दिवसांत एकालाही उत्तर गेले नाही. पाणी ओसरले, चिखल उपसून झाला, पोटमाळ्यावर नेऊन वाचवलेला संगणक पुन्हा जोडला गेला, आणि साचलेल्या मेल उतरू लागताच पंचवीस-तीस व्यापाऱ्यांना ‘पेढी बंद आहे’ असे उत्तर एकापाठोपाठ एक रवाना झाले. मालक त्या वेळी फोनवरून त्याच व्यापाऱ्यांना पेढी उघडल्याचे सांगत होते.

आता त्यांचा बहुतेक पत्रव्यवहार व्हॉट्सॲप बिझनेसवर चालतो, आणि गावच्या यात्रेला जाताना ते तेथील गैरहजेरीचा निरोप न चुकता लावतात. तो निरोप जाण्यासाठी फोनला इंटरनेट मिळावे लागते, म्हणून फोन पेढीत चार्जरला लावून ठेवायचा की यात्रेला बरोबर न्यायचा, यावर बाप-लेकांत अजून एकमत झालेले नाही.