विल्डरनेस रोड

अमेरिकेत व्हर्जिनियातून ॲपलाचियन पर्वत ओलांडून केंटकीत उतरणारा, अठराव्या शतकातील वसाहतवाल्यांचा मार्ग. तो कंबरलँड खिंडीतून जात असे. वाट मुळात बायसनच्या कळपांची आणि मूळनिवासी शिकारी-योद्ध्यांची. १७५० मध्ये डॉ. टॉमस वॉकर यांनी खिंडीची नोंद केली. म्हणून शिकारी आणि वाटाड्या डॅनियल बून यांनी मार्ग ‘शोधला’ असे जे सांगतात, ते बरोबर नाही. त्यांनी तो वाहता केला.

पर्वतापलीकडे वस्ती करण्यास ब्रिटिश राजाने १७६३ मध्येच बंदी घातली होती. ती धुडकावून उत्तर कॅरोलायनाचे रिचर्ड हेंडरसन यांनी ट्रान्सिल्व्हेनिया कंपनी काढली आणि मार्च १७७५ मध्ये सुमारे १०,००० पौंडांच्या मालाच्या बदल्यात चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या काही प्रमुखांकडून सुमारे २ कोटी एकर जमीन लिहून घेतली. ड्रॅगिंग कनू या तरुण प्रमुखाने व्यवहाराला कडाडून विरोध केला. याच रानात शिकार करणाऱ्या शॉनी जमातीच्या लोकांना तर कुणी विचारलेही नाही.

कंपनीने बून यांना सुमारे ३० कुऱ्हाडवाले देऊन पुढे धाडले. झुडपे आणि वेतासारख्या गवताची दाट बेटे तोडत, झाडांच्या सालीवर खुणा करत ही टोळी केंटकी नदीकडे निघाली. मुक्काम जवळ आला असताना पहाटे हल्ला झाला. त्यात ट्विटी नावाचा सोबती आणि त्याचा कृष्णवर्णी गुलाम प्राणास मुकले. एप्रिलमध्ये बूनझबरोची वस्ती उभी राहिली. १७९६ मध्ये रस्ता रुंद होईपर्यंत या मार्गाने गाडी जात नसे. सामान घोड्यांवर लादून माणसे पायी चालत.

पुढचा झगडा कागदाचा होता : जमीन कंपनीची की व्हर्जिनियाची? १७७६ मध्ये केंटकीच्या वसाहतवाल्यांतर्फे जॉर्ज रॉजर्स क्लार्क यांनी व्हर्जिनियाचे गव्हर्नर पॅट्रिक हेन्री यांच्या सरकारकडून ५०० पौंड वजनाची बंदुकीची दारू मिळवली, आणि वर्षअखेर केंटकी हा व्हर्जिनियाचा जिल्हा झाला. दोन वर्षांनी हेंडरसन यांची खरेदी रद्द ठरली. भरपाई म्हणून त्यांच्या कंपनीला २ लाख एकर मिळाले. १७७९ च्या कायद्याने १७७८ पूर्वी वसलेल्यांना ४०० एकर आणि आणखी १,००० एकरांवर खरेदीचा पहिला हक्क दिला. पण सरकारी मोजणी आधी झालेलीच नव्हती. दावेदाराने स्वतःच चतुःसीमा ठरवायची : अमुक ओढा, तमुक खुणेचे झाड. एकाच शेतावर तीन-तीन दावे पडत, आणि वकील परवडणारा जिंकत असे.

१७९० च्या जनगणनेत केंटकीत ७३,६७७ लोक होते, त्यांपैकी १२,४३० गुलाम. १७९२ मध्ये केंटकी अमेरिकेचे राज्य झाले. आयझॅक शेल्बी पहिले गव्हर्नर. बून यांच्या जमिनी मात्र सदोष दस्तऐवजांपायी हातच्या गेल्या आणि १७९९ मध्ये ते स्पॅनिश अंमलाखालील मिसूरीत निघून गेले. अब्राहम लिंकन यांच्या वडिलांनीही मुख्यतः याच मालकीच्या तंट्यांमुळे १८१६ मध्ये केंटकी सोडले. ते गेले ओहायो नदीच्या उत्तरेला, इंडियानात. तिथे १७८५ च्या कायद्याप्रमाणे सरकार आधी चौकोनी मोजणी करी आणि मगच जमीन विकी.