डॉलर वधारला, काजूला काय मिळालं?

रुपया घसरला की निर्यातदारांची चंगळ, असं आपण सहज बोलून जातो. खानापूर भागातल्या काजू कारखानदाराला मात्र ते पटत नाही, आणि हिशेब त्याच्याच बाजूने आहे.

समजा, 100 रुपयांचा काजूगर परदेशी गेला आणि त्यात 60 रुपयांचं बी आफ्रिकेतून आलेलं होतं. डॉलर 10 टक्क्यांनी महागला. विक्रीचे 110 झाले, बियांचे 66. मजुरी, वीज, व्याज आणि नफा यांसाठी 40 च्या जागी 44 उरले. व्हिएतनामच्या मालाशी टक्कर द्यायला त्याने हे चारही रुपये सोडले, तरी त्याचा डॉलरमधला भाव जेमतेम साडेतीन टक्क्यांनी उतरतो. सगळं बी गावचं असतं आणि त्याचा दर चढला नसता, तर तोच भाव नऊ टक्क्यांनी उतरवता आला असता. पण गावचं बीही आयातीच्या दरामागे चढतंच.

म्हणून अर्थशास्त्रज्ञ डॉलरच्या भावाशी थांबत नाहीत. अवमूल्यनानंतर, म्हणजे चलनाचा भाव उतरवल्यानंतर, देशातली महागाई परदेशापेक्षा किती वाढली, हे धरून ते वास्तव विनिमय दर काढतात. घसरणीतला जेवढा वाटा वास्तवात टिकला, तेवढं अवमूल्यन परिणामकारक. या वाट्याचा निर्देशांक 1 आला तर सगळी घसरण टिकली, 0 आला तर महागाईने ती गिळली.

काजू बी पिकवणाऱ्या आयव्हरी कोस्टचंच बघा. जानेवारी 1994 मध्ये तिथलं चलन, सीएफए फ्रँक, निम्म्या भावावर आणलं गेलं. एका फ्रेंच फ्रँकला 50 ऐवजी 100 मोजावे लागू लागले. त्या वर्षी महागाई सुमारे 26 टक्के होती. परकी चलनाचा आधीचा भाव 100 धरला, तर तो 200 झाला; 200 ला 1.26 ने भागलं की 159 च्या आसपास येतात. फ्रान्समधली किरकोळ महागाई बाजूला ठेवली, तर परकी चलन कागदावर 100 टक्के महागलं, वास्तवात 59 टक्के. निर्देशांक 0.6 च्या घरात. पहिल्या वर्षासाठी मी याला चांगलं यश म्हणेन.

निर्यात वाढली का, हे ठरवणं याहून अवघड. 6 जून 1966 रोजी आपल्याकडे डॉलर 4.76 वरून 7.50 रुपयांवर नेला गेला. त्याच सुमारास निर्यातीची अनेक अनुदानं काढली गेली आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी दुष्काळ पडला. निराशाजनक निर्यातीचं सगळं खापर अवमूल्यनावर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. खरी तुलना हवी ती अवमूल्यन न होता काय घडलं असतं याच्याशी. त्यासाठी संशोधक तशाच अडचणीत असूनही चलन न घसरवलेले देश शोधतात.

शिवाय वेळ लागतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीकडे परदेशी ग्राहक वळला तरी आधी पॅटर्न, मग नमुना, मग तपासणी, आणि त्यानंतर ऑर्डर. आयातीची बिलं मात्र तोवर नव्या दराने भरावी लागतात, त्यामुळे व्यापारी तूट सुरुवातीला वाढूही शकते.