शून्य सम आहे. धन की ऋण हा प्रश्नच वेगळा

‘शून्य धनही नाही, ऋणही नाही, म्हणून ते समही नाही, विषमही नाही.’ स्पर्धा परीक्षांच्या उत्तरांवर वाद झाला की हे वाक्य हमखास येतं. त्याचा पहिला भाग बरोबर आहे, दुसरा साफ चूक. मधल्या ‘म्हणून’ला तर काही आधारच नाही.

धन-ऋण सगळ्यांना येतं. संख्यारेषेवर शून्याच्या उजवीकडे धन, डावीकडे ऋण. शून्य कुठल्याच बाजूला नाही. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये बेरीज-वजाबाकीचे नियम दिले तेही धन, ऋण आणि शून्य असे तीन प्रकार धरूनच. (फ्रान्समध्ये शून्य दोन्हींत धरतात. तो संकेताचा भाग. त्याने शून्याचं समपण बदलत नाही.)

सम-विषमात तिसरा प्रकारच नाही. कोणत्याही पूर्णांकाला २ ने भागलं की बाकी ० उरते किंवा १. बाकी ० असेल तर सम, १ असेल तर विषम. ० ला २ ने भागा: भागाकार ०, बाकी ०. शून्य सम. हे नाकारलं तर ‘दोन विषम संख्यांची बेरीज सम’ हा नियमही सोडावा लागेल, कारण ३ + (−३) = ०.

तरीही लोक अडतात, कारण ‘शून्याला भाग जात नाही’ अशी ओळ त्यांच्याकडून पाठ करून घेतलेली असते. या ओळीची मला मनापासून चीड आहे. शून्याने भागता येत नाही, म्हणजे २ ÷ ० ला अर्थ नाही. शून्याला मात्र प्रत्येक शून्येतर पूर्णांकाने नि:शेष भाग जातो; ० ÷ २ = ०, ० ÷ ७ = ०. भाज्य आणि भाजक यांची अदलाबदल झाली की शून्य सम-विषमातून बाहेर फेकलं जातं. दिल्लीत जानेवारी २०१६ मध्ये सम-विषम योजना आली, तेव्हा ० ने संपणाऱ्या क्रमांकांच्या गाड्या सम तारखांना धावल्या, आणि तेच बरोबर होतं.

बाकीचं किरकोळ. शून्य परिमेय आहे (०/१). ते मूळही नाही आणि संयुक्तही नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत नैसर्गिक संख्या १ पासून आणि पूर्ण संख्या ० पासून सुरू होतात. अनेक गणिती नैसर्गिक संख्याही ० पासूनच धरतात. यावर भांडण्यात अर्थ नाही, सुरुवातीलाच व्याख्या लिहावी. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी मात्र शून्य हवं असेल तिथे ‘धन पूर्णांक’ न लिहिता ‘ऋणेतर पूर्णांक’ असंच लिहावं.