बाळंतिणीला नैराश्य आहे हे डॉक्टर कसं ओळखतात?

बाळंतीण रडायला लागली की घरात निदान तयार असतं: दृष्ट लागली, बाहेरचं काहीतरी झालं. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास रडू येणं, चिडचिड होणं अगदी नेहमीचं आहे. दोन आठवड्यांत ते ओसरतं. त्यापुढेही मन उतरलेलंच राहिलं, तर अंगारा लावण्यात दिवस घालवू नयेत. हे नैराश्य असू शकतं आणि ते बरं होतं.

ओळखण्यात अडचण अशी की झोपमोड, थकवा, भूक बिघडणं ही नैराश्याची लक्षणं तान्ह्या बाळाच्या कोणत्याही आईत सापडतात. म्हणून १९८७ साली कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्हस्की यांनी बाळंतिणीचं नैराश्य ओळखण्यासाठी एडिनबरा प्रश्नावली केली, तेव्हा शरीराच्या तक्रारी मुद्दाम वगळल्या. झोपेचा प्रश्न एकच आहे, तोही असा: इतकं दुःखी वाटलं का, की झोपणंही अवघड झालं? बाळ रडल्याने झालेलं जागरण इथे मोजलंच जात नाही. ही रचना फार हुशारीची आहे.

प्रश्न १०, गेल्या ७ दिवसांबद्दलचे. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचे पर्याय ०, १, २, ३ असे चढत जातात. बाकी सातांचे ३ पासून उतरत. घाईत सगळे एकाच दिशेने मोजले की बेरीज फसते. साधारणपणे १० किंवा जास्त गुण आले तर सविस्तर बोलायचं, १३ किंवा जास्त आले तर नैराश्याची शक्यता बरीच. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. त्याला शून्याखेरीज कोणतंही उत्तर आलं, तर एकूण गुण कितीही असोत, त्याच वेळी विचारपूस करायची.

कागद आईनेच, एकटीने भरायचा. सासू किंवा नवरा शेजारी बसून उत्तरं सुचवू लागला तर गुण खोटे कमी येतात. बाळाला ६, १०, १४ आठवड्यांच्या लसीला आणतात, तेव्हा आई समोर असतेच. फॅमिली डॉक्टरला याहून सोयीची वेळ नाही.

गुण म्हणजे निदान नव्हे. नंतर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासतात, कारण दोन्हींतला बिघाड नैराश्यासारखाच दिसतो. पूर्वी कधी झोपेची गरजच न वाटता अतिउत्साहाचे दिवस आले होते का, हेही विचारायलाच हवं. बायपोलर आजारात, म्हणजे अतिउत्साह आणि नैराश्य आलटूनपालटून येतात त्या आजारात, नुसती नैराश्याची गोळी उलटू शकते. सर्ट्रालिन हे नैराश्याचं औषध दुधात फार कमी उतरतं, त्यामुळे औषधासाठी स्तनपान सहसा थांबवावं लागत नाही. मात्र आईला भास होत असतील, ती असंबद्ध बोलत असेल, तर प्रश्नावली बाजूला ठेवून त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं आणि तोवर तिला व बाळाला एकटं सोडायचं नाही.